झाकली मूठ आणि दारातला दिवा

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण पांढरपेशा घरांनी जितक्या निष्ठेने पाळली आहे तितकी क्वचितच कुणी पाळली असेल. महिन्याची वीस तारीख उलटली की डब्यातली डाळ कुठवर आली आहे, हे फक्त घरच्या बाईला ठाऊक असते. बाहेरच्या खोलीतल्या पाहुण्याला मात्र चहा नेहमीसारखाच गोड मिळतो, आणि सोबत दोन बिस्किटेही येतात.

मूठ झाकलेली असते तोवर सारे ठीक असते. पण एखाद्या महिन्यात कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो, नोकरीच्या ठिकाणी कुलूप लागते, किंवा इस्पितळवाले रात्री अकराला अनामत रक्कम मागतात. मग मूठ उघडावी लागते. ती कुणापुढे उघडायची, हा प्रश्न त्या वेळी पैशाच्या प्रश्नाहूनही मोठा होऊन बसतो. सावकारापुढे उघडली तर व्याज. मोबाइलवर चुटकीसरशी कर्ज देणाऱ्यांपुढे उघडली तर व्याज आणि वर धमक्या. नातेवाइकांपुढे उघडली तर व्याज नसते हे खरे; पण दहा वर्षांनी एखाद्या मुंजीच्या पंगतीत ती गोष्ट निघते, आणि तेव्हा घास घशाखाली उतरत नाही.

आपल्या भाषेत 'हातउसने' असा एक फार समंजस शब्द आहे. या हाताचे त्या हाताला, कागद नाही, साक्षीदार नाही. पण हातउसने मागायलाही समोर एक ओळखीचा हात लागतो. शहरात असे हात कमी होत चालले आहेत. अशा वेळी ज्या समाजांनी हा हात मुद्दाम, योजनापूर्वक आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे धरला, त्यांच्याकडे एकदा पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ती चर्चच्या आसपास जमलेल्या साध्या गृहस्थांनी चालवलेले असे काही उद्योग मला या दृष्टीने विलक्षण वाटतात. त्यांनी किती पैसा वाटला यापेक्षा तो घरात कसा पोचवला, याचा त्यांनी केलेला विचार अधिक मोलाचा आहे.

पहिली तक्रार

बायबलच्या नव्या करारात 'प्रेषितांची कृत्ये' नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधल्या अगदी पहिल्या ख्रिस्ती मंडळीची हकीकत येते. या मंडळीत विधवांना रोजचे अन्न वाटले जाई. थोड्याच दिवसांत तक्रार आली, की ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते. म्हणजे कोठी भरलेली होती, देणारे सज्जन होते, तरीही परभाषेतली म्हातारी उपाशी राहत होती! प्रेषितांनी त्यावर उपदेश केला नाही. त्यांनी या एकाच कामासाठी सात माणसे नेमून दिली.

दयाबुद्धी असून भागत नाही, तिला व्यवस्था लागते, हा धडा मंडळीला असा पहिल्याच पानावर मिळाला. पुढच्या शतकांत तो पुष्कळांनी विसरला, आणि काहींनी पुन्हा शोधून काढला.

फ्लॉरेन्सचे बारा भले लोक

इटलीतले फ्लॉरेन्स हे शहर पंधराव्या शतकात लोकर आणि रेशीम यांच्या व्यापारावर गब्बर झालेले होते. पण माग चालवणाऱ्या विणकराचे घर हातावरच्या पोटाचे. मागणी घटली की माग थांबे, आणि माग थांबला की चूल. धर्मशाळेच्या दारात भिकाऱ्यांच्या रांगेत उभे राहायला हा विणकर धजत नसे. त्याला शेजारी होते, मुलींची लग्ने व्हायची होती. अशा माणसांना इटालियन भाषेत 'पोवेरी वेर्गोन्योसी' म्हणत. शब्दशः अर्थ 'लाजणारे गरीब'. वर्गात मराठी शिकवणाऱ्याला याचा प्रतिशब्द शोधावासा वाटणारच. 'लाजाळू' म्हणावे तर ते झाड आठवते. 'अब्रूदार गरीब' म्हटले, की आपल्या चाळीतला एखादा चेहरा नेमका डोळ्यांपुढे येतो.

अंतोनिनो नावाचा एक डोमिनिकन साधू तेव्हा तिथल्या सान मार्कोच्या मठाचा प्रमुख होता. पुढे 1446 साली तो फ्लॉरेन्सचा आर्चबिशप झाला. त्याने 1442 साली बारा गृहस्थांना एकत्र केले. शहराचे सहा भाग होते, दर भागाला दोघे. या बाराजणांना लोक 'बुओनोमिनी' म्हणजे 'भली माणसे' म्हणू लागले. सान मार्तिनोचे एक चिमुकले देवालय हे त्यांचे ठिकाण. दान्ते कवीच्या घराच्या परिसरातच ते आहे.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी होती. आपल्या भागात कोण अडचणीत आहे याचा शोध या माणसांनीच घ्यायचा आणि मदत गुपचूप पोचवायची. आलेला पैसा साठवायचा नाही, गंगाजळी करायची नाही. येईल तो वाटून मोकळे व्हायचे. देवालयाच्या भिंतीत एक दगडी फट आहे. 'लाजणाऱ्या गरिबांसाठी दान' अशा अर्थाची अक्षरे तिच्यावर कोरलेली आहेत. देणाऱ्याने त्यात पैसे टाकून आपल्या वाटेने जावे. कुणी दिले ते घेणाऱ्याला कळू नये, आणि कुणाला मिळाले ते देणाऱ्याला कळू नये!

देवालयात भिंतींवर चित्रे आहेत. गिर्लांदाइयो या प्रसिद्ध चित्रकाराच्या चित्रशाळेतली ती मानली जातात. देवदूतांच्या गर्दीऐवजी तिथे नित्याचे प्रसंग रंगवले आहेत. एका चित्रात बाळंतिणीला भेट देऊन तिच्यासाठी व बाळासाठी जिनसा आणल्या आहेत. दुसऱ्यात कर्जापायी तुरुंगात पडलेल्याला सोडवून आणले आहे. आणखी एकात घरातल्या चीजवस्तूंची यादी लिहून घेणे चालले आहे. बाळंतपण, कर्ज, लग्न, आजार, मरण! मध्यमवर्गीय घराचा तोल जाण्याचे प्रसंग सहाशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समध्ये होते तेच पुण्यामुंबईत आज आहेत. या संस्थेच्या जुन्या वह्या संशोधकांनी वाचल्या, तेव्हा असे दिसले की मदत मिळालेल्यांत बुडालेल्या सरदारांपेक्षा साधे कारागीरच अधिक होते, आणि घरातले नवे मूल हे मदतीचे एक नेहमीचे निमित्त होते.

सारेच निर्मळ होते असे मात्र कुणी समजू नये. कोझिमो द मेदिची हा शहराचा धनाढ्य सत्ताधीश सुरुवातीचा एक मोठा देणगीदार होता. त्या दानात राजकारणही असावे असे काही इतिहासकारांना वाटते. पण कोझिमो गेला, मेदिची घराणेही गेले, आणि ही बारा माणसांची संस्था मात्र आजही आपल्या जागी काम करते आहे.

तिची एक प्रथा तर कथेत शोभावी अशी आहे. वाटण्याजोगे काहीच उरले नाही, की देवालयाच्या दारात एक मेणबत्ती लावायची. ती पाहिली की शहराने समजावे, भल्या माणसांची झोळी रिकामी झाली आहे. ना वर्गणीचे पुस्तक, ना ध्वनिक्षेपक. अगदी शेवटाला येऊन ठेपणे या अर्थी इटालियन भाषेत 'लहानशा दिव्यापर्यंत येणे' असा वाक्प्रचार आहे. तो याच मेणबत्तीवरून पडला, असे फ्लॉरेन्सचे लोक सांगतात.

जास्त झालेले जेवण

फ्लॉरेन्सहून आता फ्रान्समध्ये येऊ. 1617 सालचा ऑगस्ट महिना. शातियों नावाच्या गावात व्हिन्सेंट द पॉल हा पुढे संतपदाला पोचलेला धर्मगुरू नुकताच नेमला गेला होता. रविवारी उपासनेच्या आधी त्याला कुणी सांगितले, की गावाबाहेरच्या एका घरात सारीच माणसे आजारी आहेत, पाणी द्यायलाही कुणी नाही. त्याने प्रवचनात ही गोष्ट सांगितली. दुपारी तो स्वतः तिकडे निघाला, तो रस्त्यावर बायकांची रीघ! कुणी भाकरी घेऊन चाललेली, कुणी मांस, कुणी परत येता येता उन्हाने दमून झाडाखाली टेकलेली.

दुसरा कुणी असता तर गावाचे औदार्य पाहून त्याचा ऊर भरून आला असता. व्हिन्सेंटच्या मनात विचार आला तो असा, की आज या घरात इतके अन्न आले आहे की बरेचसे नासून जाईल, आणि परवा ही माणसे पुन्हा उपाशी असतील. थोड्याच दिवसांत त्याने गावातल्या बायकांचे मंडळ बांधले आणि त्यांच्या पाळ्या लावून दिल्या.

मंडळाची नियमावली त्याने लिहिली ती मुळातून वाचण्यासारखी आहे. जिची पाळी असेल तिने स्वयंपाक करून आजाऱ्याकडे न्यावा. आत जाताना हसतमुखाने बोलावे. बिछान्यावर लहानसे मेज ठेवावे, त्यावर स्वच्छ कापड अंथरावे, वाटी-चमचा मांडावा, रोग्याचे हात धुवावेत. आणि सगळ्यांत सुंदर कलम पुढे आहे. ज्यांच्या घरी सोबतीला कुणी आहे त्यांच्याकडे आधी जावे, आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे; म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. जगातल्या पुष्कळ राज्यघटनांत इतके शहाणपण एका कलमात मावलेले नसेल!

वाङ्मयाचा एक प्राध्यापक

या व्हिन्सेंटच्या नावाने दोन शतकांनंतर जी संस्था निघाली ती आज जगातल्या सुमारे दीडशे देशांत काम करते. ती काढणारे कुणी बिशप वा धनिक नव्हते. कॉलेजात शिकणारी मुले होती. त्यांच्यातला प्रमुख फ्रेडरिक ओझानाम. 1832 साली पॅरिसमध्ये पटकीची भयंकर साथ येऊन हजारो माणसे दगावली होती. विद्यार्थ्यांच्या वादसभेत ख्रिस्ती धर्माची थोरवी सांगणाऱ्या ओझानामला समाजवादी मताच्या एका विद्यार्थ्याने विचारले, की पूर्वी तुमच्या धर्माने काय केले ते राहू द्या, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? प्रश्न वर्मी लागला. 23 एप्रिल 1833 रोजी, ओझानामला विसावे वर्ष पुरे झाले त्याच दिवशी, बायी नावाच्या एका वडीलधाऱ्या वृत्तपत्रकाराच्या आधाराने ही मुले प्रथम जमली.

हुरूप होता, पण गरिबाच्या घरात पाऊल कसे टाकायचे हे ठाऊक नव्हते. ते त्यांना रोझाली रांदू या जोगिणीने शिकवले. पॅरिसच्या मुफ्तार भागातल्या दरिद्री वस्तीत तिने आयुष्य घालवले होते. तिने मुलांना घरे दाखवली आणि पाव-मांसाच्या चिठ्ठ्या दिल्या. ती चिठ्ठी दाखवली की दुकानदार माल देई.

तेव्हा बसवलेली पद्धत आजही बरीचशी तशीच आहे. चर्चच्या परगण्यातली काही स्त्री-पुरुष मंडळी नियमाने जमतात. कुणाचे घर अडले आहे असे कळले, की दोघेजण जोडीने त्या घरी जातात. त्या घराने कार्यालयाच्या बाकावर येऊन बसायचे नाही. यांनी त्याच्या घरी पाहुणे म्हणून जायचे. दोघे का, तर एकाच्या मर्जीवर निर्णय राहू नये म्हणून. मग थकलेले भाडे, विजेचे बिल, औषधे, शाळेची फी, जे तातडीचे असेल ते भागवायचे. रक्कम बहुधा लहान असते. सारे कर्ज फेडणे हा हेतू नसतो. दिवा विझू नये, घर सुटू नये, पोराची शाळा तुटू नये, एवढा एक अवघड महिना पार करून द्यायचा. बैठकीच्या अखेरीस एक पिशवी फिरते आणि प्रत्येकजण मूठ आत घालून काढतो. कुणी किती टाकले, की काहीच टाकले नाही, ते शेजाऱ्याला समजत नाही. म्हणजे देणाऱ्याचीही मूठ झाकलेलीच! त्या घराची गोष्ट बाहेर बोलायची नाही, हा दंडक वेगळाच.

ओझानाम पुढे सॉर्बोन विद्यापीठात परकीय वाङ्मयाचा प्राध्यापक झाला. दान्तेवरचा त्याचा अभ्यास नावाजला गेला. पण घरोघर जाणे त्याने सोडले नाही. चरित्रकार त्याची एक आठवण सांगतात. एका नववर्षदिनी त्याला कळले, की ओळखीच्या एका कुटुंबाने आपले खणांचे कपाट गहाण टाकले आहे. त्यांच्या चांगल्या दिवसांची ती शेवटची खूण होती. ते सोडवून आणावे असे त्याच्या मनात आले; पण पत्नीने व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या आणि त्याने विचार सोडला. संध्याकाळी घरी लाडक्या लेकीची खेळणी व मिठाई मांडलेली होती, आणि हा उदास. त्याला घास जाईना. तेव्हा पत्नीच म्हणाली, जा. तो उठला, कपाट सोडवून त्या घरी पोचते केले, आणि मगच त्याचा सण सुरू झाला.

हिशेबी माणूस म्हणेल, कपाट काही खायला येत नाही. त्या पैशांत आठवड्याचा पाव आला असता. हिशेब बरोबर आहे. पण ज्या घराने दिवस पाहिले आहेत त्या घरात भिंतीलगतची ती रिकामी जागा भुकेइतकीच बोचते, हे ओझानामला समजले होते. 1848 साली लिहिलेल्या एका लेखात त्याने मदतीचे दोन प्रकार सांगितले: माणसाला खाली पाहायला लावणारी मदत आणि त्याचा मान राखणारी मदत. नुसता पाव पुढे टाकणे हा पहिला प्रकार. पावाबरोबर भेट, सल्ला आणि हातात हात देणे हा दुसरा. 1853 साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. 1997 साली चर्चने त्याला 'धन्य' म्हणून गौरवले.

दोन शंका

इथे दोन शंका येणे साहजिक आहे. पहिली अशी, की अशा मदतीने गरिबी जाते का? जात नाही. मजुरी तुटपुंजी असेल आणि औषध महाग असेल, तर पिशवीतल्या पैशांनी जग बदलत नाही. आणि दानाची सोय आहे म्हणून न्याय लांबणीवर टाकणे हे तर पापच. ओझानामलाही हे मान्य होते. वाटेत लुटल्या गेलेल्याच्या जखमा बांधणे हे दयेचे काम आणि वाटमारी थांबवणे हे न्यायाचे काम, अशी त्याची मांडणी होती. मात्र न्याय येईपर्यंत जखमेतून रक्त वाहतच असते.

दुसरी शंका खास आपल्याकडची. चर्चची मदत म्हटली, की धर्मांतराचा विषय निघतो. गेल्या शतकांतल्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी उपाशी माणसांना अन्न दिले आणि बाप्तिस्माही दिला, त्यावरून वाद झाले. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या कार्यावरही हा आक्षेप घेतला गेला. भुकेच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा सौदा आहे, मग तो कुठल्याही धर्माने करो. म्हणूनच धर्म, जात, मत न पाहता मदत करावी हे व्हिन्सेंटच्या नावाच्या या संस्थेच्या नियमांतच लिहिलेले आहे. नियम कुठे पाळला जातो आणि कुठे नाही, हे त्या त्या ठिकाणी पाहावे. पण परीक्षेची कसोटी त्यांनी स्वतःच आपल्या हाती दिली आहे.

वसईची पतपेढी

मुंबईच्या आणि वसईच्या अनेक चर्चमध्ये या संस्थेच्या शाखा आहेत. पण वसईने आणखी एक पाऊल पुढे टाकले. तिथला ख्रिस्ती समाज घरात मराठी बोली बोलणारा, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा राखणारा. पीक गेले की सावकार, आणि सावकार आला की बाग गहाण. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी 1918 साली या समाजाची सहकारी पतसंस्था उभी केली. तीच आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक. मदतीचा हा वेगळा घाट. इथे मागणारा स्वतःच सभासद असतो. दान घेताना मान कितीही जपली तरी ती थोडी वाकतेच. आपल्याच संस्थेतून कर्ज काढून ते फेडणाऱ्याला ती वाकवावी लागत नाही. एक महिना निभावायला पिशवी आणि दहा वर्षे उभे राहायला पतपेढी, असे हे दोन्ही हात लागतात.

आपल्या बिऱ्हाडांत

आपल्याकडे हे काहीच नव्हते असे नाही. वार लावून जेवणारे विद्यार्थी पुण्याने पोसले. सोमवारी एकाचे घर, मंगळवारी दुसऱ्याचे. ओझे वाटले जाई आणि मुलगा शिकून बाहेर पडे. पण त्यातही अनेकांना वाढणारीच्या कपाळावरची आठी जन्मभर आठवत राहिली. शातियोंच्या नियमावलीतले 'हसतमुखाने' हे एक पद तिथे कमी पडले असावे.

आणि आपले हल्लीचे दान! देवळात पंखा दिला तर पात्यांवर तिन्हीकडे नाव. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, एवढाच काय तो देवाचा विनोद. वह्या वाटल्या तर मुलांना ओळीने उभे करून छायाचित्र. त्या ओळीतल्या मुलाचा चेहरा दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर असतो. त्याला वही मिळते, पण झाकली मूठ जाते.

दिवाळीत ही मूठ झाकणे सर्वांत अवघड असते. एरवी कुणाच्या घरात काय शिजते ते दिसत नाही. या चार दिवसांत मात्र फराळाचे ताट शेजारी जावे लागते, पोरांना नवे कपडे लागतात, आणि दारात आकाशकंदील नसला तर तो नसलेलाच साऱ्या जिन्याला दिसतो. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत रंगरंगोटीचा निधी असतो, गणपतीचा असतो, लिफ्टच्या दुरुस्तीचा असतो. अडलेल्या घरासाठी एक लहानसा निधी, तोंड बंद ठेवणारी दोन माणसे, आणि सूचनाफलकावर कधीही न लागणारा हिशेब, एवढे ठेवायला कोणता धर्म बदलावा लागतो? हिशेब दोघांनी पाहावा आणि वर्षाला फक्त बेरीज सांगावी. फ्लॉरेन्सच्या बाराजणांना जमले, पॅरिसच्या पाच-सहा पोरांना जमले, ते आपल्याला जमू नये असे काही नाही.

फ्लॉरेन्सचा तो दिवा दारात लागतो तेव्हा सारे शहर त्याच्याकडे पाहते; पण ज्यांच्या घरी त्याचे पैसे जातात त्यांच्या दारावर मात्र त्याचा उजेड पडत नाही. यंदा पणत्या लावताना आपल्या जिन्यावर कुठले दार अंधारात आहे ते पाहावे. आणि तिथे काही न्यायचे झालेच, तर दिवस मावळल्यावर, पाहुण्यासारखे, हसतमुखाने न्यावे.